आई, वडील आणि लिअरची अट

मराठी नाटकाने म्हातारपणाची दोन चित्रे आपल्या मनात इतकी पक्की केली आहेत की तिसरे सहसा सुचत नाही. 'नटसम्राट' (१९७०) मधील अप्पासाहेब बेलवलकर सर्वस्व मुलांना देऊन बेघर होतात; जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तील नाना-नानी घर असूनही एकटे पडतात. मेहकरच्या आमच्या जुन्या घरात आई-वडिलांनी यापुढे राहावे की नाही, हा प्रश्न आम्हा तिघा भावंडांपुढे आला तेव्हा ही दोन्ही चित्रे निरुपयोगी ठरली. कुणी कुणाला घराबाहेर काढत नव्हते. अडचण होती ती दगडी पायऱ्यांची, मागच्या अंगणातल्या संडासाची आणि आईच्या गुडघ्यांची.

नातेवाइकांचा पहिला सल्ला असा की घर धाकट्याच्या नावावर बक्षीसपत्र करून द्यावे, म्हणजे तो सांभाळील. आपल्याकडे प्रेमाची सुरुवातसुद्धा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते! आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ या संदर्भात वाचण्याजोगे आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. मात्र मुळात अट हवी. अप्पासाहेब विश्वासाने देऊन टाकतात. लिअरने मात्र शंभर सरदारांचा लवाजमा आणि आळीपाळीने एकेका मुलीकडे एक महिना मुक्काम, अशी अट स्पष्ट घातली होती. उपविभागीय अधिकाऱ्यापुढे त्याची बाजू बळकट ठरली असती. (नाटक मात्र पहिल्या अंकातच संपले असते.) असो. बक्षीसपत्राचा विषय आम्ही बाजूला ठेवला.

याच कायद्यात जिल्ह्यागणिक किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्याने काढावा अशी तरतूद आहे. पण तिची भाषा सक्तीची नाही, आणि 'निराधार' या शब्दात आमचे आई-वडील बसतही नाहीत. शेगावला जाऊन राहावे, असे वडील मधूनच म्हणत. तिथले भक्तनिवास आल्यागेल्या भाविकांसाठी असतात, हे त्यांनाही ठाऊक होते.

उरला धाकट्याचा छत्रपती संभाजीनगरचा फ्लॅट. लिफ्ट आहे, दवाखाने जवळ आहेत, समृद्धी महामार्गाने अंतरही कमी वाटते. वडिलांनी एका वाक्यात तो मोडीत काढला : "मले तिथं कोन वळखते?" त्यांचे वय पंच्याहत्तरच्या पुढे. ऑगस्ट २०२२ पासून या वयाच्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून कधी लोणार, कधी शेगाव अशी त्यांची फेरी चालते. स्टँडवर कंडक्टर नावाने हाक मारतो. पिशवी उचलून कुणाला न विचारता निघता येणे, हेच त्यांचे घर आहे.

'आई-वडील' हा द्वंद्व समास, दोन्ही पदे समान महत्त्वाची, असे आपण वर्गात शिकवतो. घरोघरी मात्र त्याचा विग्रह होतच नाही. काका, मामा, शेजारी, जो येई तो वडिलांनाच विचारी, "मग काय ठरलं?" आई चहा ठेवून आत जाई. आमच्या बहिणीने एका दुपारी तिला एकटीला विचारले. तिचे उत्तर : "माह्या पायाले इचारलं का कोनी?" आणि मग एकदम बरेच काही. साठ वर्षे सारवलेल्या त्या घराचा तिला लळा नव्हता, कंटाळा होता. फ्लॅटला तिची ना नव्हती. तिला हवी होती पायरी नसलेली खोली, घरातला कमोड आणि दुपारी दार लोटून निजण्याची मुभा.

एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) वाडा धड राखवत नाही, धड सोडवत नाही. वऱ्हाडात हे चित्र अजून जुने झालेले नाही. आम्ही गावातच तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भाडे तिघांत वाटले, बहिणीसह. जुने घर विकले नाही. वडील रोज सकाळी किल्ली घेऊन तिकडे जातात, ओसरीवर पेपर वाचतात, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात आणि जेवायला परत येतात. आई गेल्या चार महिन्यांत एकदाही तिकडे फिरकलेली नाही.