नोंद नाही म्हणजे काय?

आईच्या बीपीच्या गोळीसाठी मी एक छोटंसं अ‍ॅप लिहिलं. तिने गोळी घेतली की बटण दाबायचं, नोंद माझ्या फोनवर यायची. किती सोपं, असं वाटलं होतं!

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी दोन गोळ्यांची नोंद दिसली. घाबरून फोन केला. "अरे, एकच घेतली," आई म्हणाली. बटण दाबल्यावर होणारं सिंक आणि ठरावीक वेळाने होणारं सिंक एकदमच धावलं होतं. मग प्रत्येक नोंदीला आईच्या फोनवरच कायमचा क्रमांक दिला. तोच पुन्हा आला तर सर्व्हर सोडून देतो. शिवाय एक सिंक चालू असताना दुसऱ्याने थांबायचं.

पुढच्या रविवारी उलटंच. दुपारपर्यंत नोंदच नाही! बटण दाबताना तिचं नेट गेलं होतं आणि फोन टेबलावर ठेवून ती स्वैपाकाला लागली होती. 2015 साली आलेल्या अँड्रॉइड 6 पासून पडून राहिलेला फोन 'डोझ'मध्ये जातो, बॅटरीसाठी अशी कामं अडवून ठेवतो. वर्कमॅनेजरमध्ये ठरावीक वेळाचं काम तसंही 15 मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावता येत नाही.

चूक फोनची नव्हती. 'घेतली नाही' आणि 'मला माहीत नाही' या दोन्हींसाठी मी एकच रिकामी चौकट ठेवली होती. आता तिथे शेवटच्या सिंकची वेळ दिसते. ती जुनी असेल तर मी सरळ फोन करतो.

"अ‍ॅपमुळे तुझे फोन वाढले बघ," आई म्हणते. असो, वाढू देत!