मुंबईचा संगणक, भेस्तानचा प्रिंटर

प्रिंट काढायची म्हणजे बटण दाबायचे, एवढेच आपल्याला ठाऊक असते. २००४ साली आम्ही हिशेब खात्यातल्या तिघांनी मुंबईच्या संगणकावरून इथे भेस्तानात पगाराच्या पावत्या छापायची सोय केली, त्याची ही हकीगत.

संगणक होता आयबीएमचा एएस/४००. हे यंत्र १९८८ साली बाजारात आले. त्याचे जुने प्रोग्राम आजही ‘आयबीएम आय’ या नावाखाली नव्या यंत्रांवर चालतात, इतके ते चिवट! आमचे यंत्र मुंबईच्या मुख्य कार्यालयात होते. पावत्या तिथे छापून गाडीने इकडे येत. तोवर पगार वाटून झालेला असे, आणि धुळे-नंदुरबारकडच्या कामगारांनी घरी पैसे पाठवूनही टाकलेले असत. मग कोणी पावती घेऊन यायचा, “भाऊ, माझा दोन दिवसांचा ओव्हरटाइम कुठे गेला?” उत्तर ठरलेले, पुढच्या महिन्यात पाहू. ज्याची चूल त्या पैशांवर पेटते त्याला हे सांगणे आम्हांला जड जाई.

एएस/४००वर मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाही, आधी रांगेत उभा राहतो. आम्ही अशी एक रांग तयार करून तिला भेस्तानच्या प्रिंटरचा आयपी पत्ता दिला. मजकूर जायचा तो एलपीआर पद्धतीने, म्हणजे ५१५ क्रमांकाच्या पोर्टवर. पलीकडच्या रांगेचे नाव मात्र अवतरणचिन्हांत द्यावे लागते, नाहीतर हे यंत्र लहान इंग्रजी अक्षरे मोठी करून टाकते आणि काही प्रिंट सर्व्हर ते नाव ओळखतच नाहीत.

शिवाय दोघांची लिपी वेगळी. इंग्रजी ‘ए’ हे मोठे अक्षर एएस/४०० १९३ या आकड्याने ओळखतो, प्रिंटर ६५ने. मधे दुभाषा हवा. तो यंत्रातच असतो, पण प्रिंटरचा प्रकार सांगून त्याला जागे करावे लागते. तसे न केल्यास कागदावर नुसती खिचडी.

खरा घोळ होता कागदाचा. हे यंत्र मुळात ६६ ओळींचे, म्हणजे अकरा इंचांचे पान धरून चालते. आपल्याकडचा सलग कागद बारा इंची, ७२ ओळींचा. त्यामुळे दर पावतीला छपाई इंचभर वर सरके. सहाव्या पावतीपर्यंत पाच इंचांचा फरक! एकाचा पगार दुसऱ्याच्या नावाखाली! इंचपट्टी घेऊन कागद मोजला तेव्हा उलगडा झाला. पानाच्या ओळी ७२ केल्या आणि पावत्या जागेवर आल्या.

त्यानंतर पावत्या पगाराच्या दोन दिवस आधी हातात पडू लागल्या. हजेरीबाबू रजिस्टर घेऊन दारापाशी बसत, ज्याची नोंद राहिली असेल त्याची तिथेच घालत, आणि नवी पावती संध्याकाळच्या पाळीआधी निघे. त्या प्रिंटरचा खरखराट ऐकला की बाहेरची मंडळी आपणहून रांग लावत.