डिस्क कुणी खाल्ली?

पुण्यात इंजिनावर बोलणारे पुष्कळ भेटतात. किती बीएचपी, किती टॉर्क, शून्यावरून शंभर किती सेकंदांत, हे कर्वेनगरच्या टपरीवर चहा पितानाही ऐकू येतं. ब्रेकचा विषय मात्र बिल हातात पडल्यावरच निघतो. "अहो, गाडीला दोन वर्षं झाली नाहीत आणि डिस्क बदलायची? मग वॉरंटी कशाला दिलीय?" हा प्रश्न मी आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काउंटरच्या आत बसून ऐकला, आता स्वतःच्या गॅरेजमध्ये ऐकतो. आत बसलो होतो तेव्हा ग्राहक आरडाओरडा करणारा वाटायचा. बाहेर आल्यावर कंपनी टोलवाटोलवी करणारी वाटू लागली. आता मला दोघांचंही अर्धं बरोबर वाटतं. उरलेलं अर्धं मायक्रोमीटरने ठरतं.

डिस्क म्हणजे बिडाची तबकडी. पेडल दाबलं की कॅलिपरच्या चिमट्यातले पॅड दोन्ही बाजूंनी तिला आवळतात आणि गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. दीड टनाची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर सुमारे 5.8 लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. हाच वेग 140 असेल तर आकडा दुपटीच्या जवळ जातो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते. दमदार गाड्यांच्या डिस्क लवकर का संपतात, याचं पहिलं उत्तर इतकं सरळ आहे. अशी गाडी घेणारा माणूस ती सिग्नल ते सिग्नल दामटतो, आणि प्रत्येक सिग्नलला हिशोब डिस्कच्या नावावर चढतो.

शिवाय या गाड्यांचे पॅडही वेगळे असतात. युरोपीय घडणीच्या बऱ्याच पॅडमध्ये धातूचा अंश असतो. तापले तरी ते चांगले चावतात, पण चावताना डिस्कही खातात. चाकावर साचणारी काळी भुकटी निव्वळ पॅडची नसते, तिच्यात डिस्कचं लोखंडही असतं. चकचकीत अलॉयवर ही काजळी बघून वैतागणारे खूप. पण कमी भुकटीचे पॅड बसवले तर गरम असतानाची पकड बहुधा थोडी कमी होते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

त्यात पुण्याचा भूगोल आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरवर, खोपोली साठेकवर. म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरताना गाडी साडेपाचशे मीटर खाली येते. दीड टनाच्या गाडीसाठी ही ऊर्जा होते सुमारे 80 लाख ज्यूल. ताशी शंभरवरून चौदा वेळा कचकन थांबल्याइतकी. यातला काही वाटा हवा उचलते, काही टायर उचलतात, आणि मोठा वाटा इंजिनाने उचलायला हवा. ऑटोमॅटिक गाडी डीमध्ये ठेवून उतरणाऱ्याला इंजिन फारशी मदत करत नाही. पेट्रोल वाचवायला ती पटापट वरचा गिअर टाकते आणि सगळं ओझं पॅडवर येतं. सिंहगड उतरताना रविवारी दुपारी जो जळका वास येतो, तो बहुतेक याचाच. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर लावला तर पायाचं काम बरंच हलकं होतं, पण त्या लिव्हरला हात लावणारे थोडे.

न्यूट्रलवर गाडी सोडली तर इंजिनाचा वाटा शून्य. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर डिझेल वाचवण्याच्या नादात अवजड गाड्या न्यूट्रलवर येतात आणि शेवटी ब्रेक लागत नाहीत, हे पुणेकरांनी पुन्हा पुन्हा वाचलंय. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्यांना उडवलं होतं. ट्रकचे ब्रेक वेगळे, पण उताराचं गणित तेच. कारच्या बाबतीत त्याची परिणती सहसा इतकी भीषण होत नाही. तिथे पॅड जळतात, डिस्क निळी पडते आणि पुढच्या सर्व्हिसला वाद होतो.

तर हा वाद. वॉरंटी बुक उघडलं की "सर्वसाधारण झीज होणारे भाग" असा एक परिच्छेद सापडतो. त्यात पॅड, डिस्क, क्लच, वायपर, टायर अशी मंडळी बसलेली असतात. त्यांना वॉरंटी नाही. काही कंपन्या सुरुवातीचे थोडे महिने किंवा थोडे किलोमीटर सवलत देतात, पुढे हात वर. वाचणाऱ्याला वाटतं, विषय संपला. सर्व्हिस ॲडव्हायझरलाही तेच वाटतं, आणि क्लेम न टाकताच तो "नाही हो होत साहेब" म्हणून मोकळा होतो.

पण विषय तिथे सुरू होतो. डिस्क वॉरंटीत नसेल, तिला खाणारा भाग बऱ्याचदा असतो. कॅलिपरचा पिस्टन अडकणं, कॅलिपर ज्यावर सरकतो तो गाइड पिन जाम होणं, हब वाकडा असणं, यातली एकही गोष्ट झीज नाही. आतल्या बाजूचा पॅड संपलेला आणि बाहेरचा अर्धाअधिक शिल्लक असेल, तर फ्लोटिंग कॅलिपर सरकत नाहीये हे उघड आहे. उजवी डिस्क गेली आणि डावी शाबूत असेल, तर चालवणाऱ्याचा पाय दोषी नाही. पाय एकच आहे आणि तो दोन्ही चाकांना सारखाच दाबतो. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर बहुतेकांचं निदान "डिस्क वाकली" असं असतं. प्रत्यक्षात गोल फिरताना जाडीत एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी हाताला थरथर जाणवते. हा फरक कधी पॅडचा थर डिस्कवर असमान चिकटल्याने येतो, कधी हबच्या वाकडेपणामुळे, कधी टायरवाल्याने एअर गनने बोल्ट वाट्टेल तसे आवळल्यामुळे. बऱ्याच जर्मन गाड्यांना 120 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क सांगितलेला असतो, आणि टॉर्क रेंच टपरीवर क्वचितच दिसतो.

बाणेरचे एक गृहस्थ आले होते. कंपनीने क्लेम नाकारला होता, कारण "डिस्क झीज". चाक काढलं तर पुढच्या डाव्या बाजूचा आतला पॅड लोखंडापर्यंत गेलेला, डिस्कच्या आतल्या तोंडावर खोल चरे, बाहेरचं तोंड जवळजवळ गुळगुळीत. उजव्या चाकाला काही नाही. गाइड पिन हाताने हलत नव्हता. मी दोन्ही डिस्कची जाडी चार-चार ठिकाणी मोजली, पॅडचे फोटो काढले, पिन अडकल्याचा छोटा व्हिडिओ केला आणि म्हणालो, "डिस्कचं नाव काढू नका. कॅलिपरचा क्लेम लिहून घ्या." कॅलिपर वॉरंटीत मंजूर झाला, आणि त्याच्यामुळे गेलेली डिस्क आणि पॅड त्याच्याबरोबरच क्लेममध्ये बसले.

त्यांच्या नेमकी उलट गोष्ट एका तरुणाची. गाडी रिमॅप केलेली, ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या शर्यतीत पळवलेली. डिस्क निळ्या पडलेल्या, छिद्रांभोवती बारीक भेगा, आणि हे सगळं दोन्ही चाकांवर अगदी सारखं. "दादा, मेटलमध्येच प्रॉब्लेम असेल ना?" त्याला म्हटलं, धातूत दोष असता तर दोन्ही डिस्क इतक्या शहाण्यासारख्या एकाच दराने झिजल्या नसत्या. शर्यत आणि बदललेली इंजिन सेटिंग या दोन्ही गोष्टी वॉरंटी बुकात बाहेर ठेवलेल्या असतात, आणि हल्लीच्या गाड्यांत कंपनीला ती सेटिंग सापडतेही. त्याला वाईट वाटलं. पण ग्राहकाचं मन राखायला खोटा क्लेम लिहिणारा मेकॅनिक पुढच्या खऱ्या क्लेमची किंमत घालवतो.

पावसाळ्यानंतर अजून एक प्रकार येतो. दमदार गाड्या आठवडाभर बेसमेंटमध्ये झाकून ठेवलेल्या असतात. धुतली आणि लगेच उभी केली, की बिडावर गंज चढतो आणि पॅडचा ठसा उमटतो. मागची डिस्क तशीही कमी काम करते, तिथे हा गंज पक्का बसतो. मालक म्हणतो, "गाडी चालवलीच नाही, तरी डिस्क कशी गेली?" चालवली नाही म्हणूनच गेली. धुतल्यावर सोसायटीला एक चक्कर मारून दोन-चारदा ब्रेक दाबून डिस्क कोरडी करायची, इतकंच. ब्रेक ऑइलही हवेतली ओल शोषतं. डॉट 4 ऑइल नवीन असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही किमान मर्यादा 155 पर्यंत खाली येते. घाटात पेडल मऊ लागायला तेवढं पुरतं. दोन वर्षांनी ते बदलणं म्हणजे वर्कशॉपची चैन नाही.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, पण तोही पुरावा मागतो. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये याच पुण्यात सुरू केली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर 1986 मध्ये आला. आता त्याच्या जागी 2019 चा कायदा आहे, तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, मुदत साधारण दोन वर्षांची असते, आणि वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मात्र अपेक्षा माफक ठेवावी. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या गाडीतल्या क्लचच्या तक्रारीवर सांगितलं, की वॉरंटीची अट सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर त्या अटीच्या आधारे अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. ब्रेकच्या भांडणात मागणी कॅलिपरची असावी, शोरूममधल्या नव्या गाडीची नसावी.

आणि पुरावा म्हणजे काय? जवळपास प्रत्येक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. समजा नवी डिस्क 25 मिलिमीटरची आणि किमान जाडी 22. तीन मिलिमीटर ही तिची सगळी पुंजी. पंधरा हजार किलोमीटरला अर्धा मिलिमीटर गेला असेल तर डिस्क नव्वद हजारांपर्यंत जाईल; दीड गेला असेल तर तीस हजारांतच संपेल, आणि कारण शोधायची वेळ आजच आहे. महागड्या कार्बन-सिरॅमिक डिस्कवर किमान जाडीसोबत किमान वजनही दिलेलं असतं, कारण तिथे उष्णतेने जळालेला कार्बन जाडीत दिसत नाही. हे सगळं मोजायला मायक्रोमीटर आणि दहा मिनिटं लागतात. तरी जॉब कार्डवर बहुतेक वेळा "ब्रेक चेक – ओके" एवढंच लिहिलेलं असतं. वेताळ टेकडीवर वाहनं तपासणारी, 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआयसारखी संस्था ज्या शहरात आहे, चाकणला मर्सिडीजसारख्या गाड्या ज्या शहराच्या वेशीवर तयार होतात, त्या शहरात डिस्कची जाडी कागदावर उतरत नाही, हे मला खटकतं. "ओके" ला आकडा नसतो. क्लेमच्या वेळी कंपनी म्हणते तुम्ही गाडी दामटली, ग्राहक म्हणतो माल खराब, आणि दोघांच्याही हातात मागच्या सर्व्हिसचा आकडा नसतो.

म्हणून गाडी कोणतीही असो, पुढच्या सर्व्हिसला एकच गोष्ट मागा. जितक्या डिस्क असतील त्या सगळ्यांची जाडी मिलिमीटरमध्ये आणि आतल्या-बाहेरच्या पॅडची शिल्लक जॉब कार्डवर लिहून घ्या, त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कुणी लिहून द्यायला नकार दिला, तर गाडी दुसरीकडे न्या. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी हीच मोजणी पुन्हा करून घ्या, आणि दोन बाजूंत फरक दिसला तर डिस्कची नाही, कॅलिपरची तक्रार लेखी द्या.