फालतू गप्पांचं काय करायचं?

'हलकंफुलकं' हा शब्द मला जरा फसवा वाटतो. अमेरिकेच्या दक्षिणेतलं छोटं गाव, तिथल्या बडबड्या बायका, केक, लग्नं, गावभरच्या उचापती असं काही असलं की हा शिक्का हमखास बसतो. या प्रकारातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे रॉबर्ट हार्लिंगचं १९८७ सालचं नाटक, 'स्टील मॅग्नोलियाज'.

लुइझियानातलं एक काल्पनिक गाव. अख्खं नाटक ट्रूव्हीच्या पार्लरमध्ये घडतं. रंगमंचावर सहा बायका, पुरुष एकही नाही. शेल्बीचं आज लग्न आहे. केस सेट होतायत, लग्नातल्या गुलाबी रंगावरून आई टोमणे मारतेय, बाहेर वडील पक्षी उडवायला बंदुकीचे बार काढतायत. क्लेरी आणि खडूस वीझर एकमेकींना टोचून बोलतायत. पहिला अर्धा तास तुम्ही नुसते हसता.

मग कळतं, शेल्बीला डायबेटिस आहे. डॉक्टर नको म्हणत असताना ती बाळ होऊ देते. किडन्या निकामी होतात, आई स्वतःची किडनी देते, तरी ती जाते. हे हार्लिंगच्याच घरात घडलं होतं. त्याची बहीण सुझन १९८५ मध्ये गेली. तिच्या लहानग्या मुलाला आपली आई कशी होती ते कळावं, म्हणून त्याने हे लिहिलं. १९८९ चा सिनेमाही त्याच्याच गावात, नॅकटिशमध्ये शूट झाला.

सिनेमात अंत्यविधीनंतर शेल्बीची आई रागाने थरथरत असते. कुणाला तरी मारावंसं वाटतंय, म्हणते. क्लेरी पटकन वीझरला पुढे ढकलते: घे, हिला मार! क्षणभर सगळ्या सुन्न. आणि मग रडता रडता हसायला लागतात.

हा सीन मला माझी आई गेल्यानंतर खरा कळला. बाबा, दादा, मी, तिघंही एकाच खड्ड्यात. कोण कुणाला बाहेर काढणार? दहाव्याला आईच्या भिशीतल्या काकू आल्या. त्यांतल्या एकीने हळूच सांगितलं, की या सगळ्या एकदा घरी 'भजनाला जातो' म्हणून सर्कशीला गेल्या होत्या, आणि बेत आईचा होता. मी फिस्सकन हसले. आत्याने डोळे वटारले. पण बाबाही हसत होते. दहा दिवसांत पहिल्यांदाच.

क्लेरीला तो विनोद करता आला, कारण ती आणि वीझर वर्षानुवर्षं त्याच पार्लरमध्ये भांडत आल्या होत्या. काकूंना ती सर्कस सांगता आली, कारण त्या आईबरोबर दर महिन्याला बसत होत्या. सांत्वन कुणीही करतं. त्या दिवशी हसवायचा हक्क मात्र आधीच्या कितीतरी बिनकामाच्या दुपारींमधून मिळालेला असतो. म्हणून नाटकातला तो गुलाबी रंगाचा वाद मला आता टाइमपास वाटत नाही.

आमचा चौघींचा ग्रुप वर्षभर 'भेटू या गं'वर अडकलाय. परवा मी थेट तारीख टाकली. रविवार, चार वाजता, माझ्याकडे. एकीने विचारलं, "काही खास?"

काही नाही. नुसतं या.