पासंग

पासंग या शब्दाचा उच्चार आपण फारशा आदरानें करीत नाहीं. रिकाम्या तराजूचीं पारडीं सारखीं राहात नसलीं, म्हणजे वाणी हलक्या पारड्याला लोखंडाचा किंवा दगडाचा एखादा तुकडा बांधतो, तोच पासंग. त्या तुकड्याची किंमत कोणी करीत नाहीं. उलट गिऱ्हाइकाची नजर त्याच्याकडे संशयानेंच वळते. एखाद्याचें क्षुद्रत्व दाखवावयाचें झालें, तर तो दुसऱ्याच्या पासंगालाहि पुरणार नाहीं, असें आपण म्हणतों. परंतु जेथें वजन कमी करण्यासाठीं माणसें जिवाचें रान करतात, त्या विमानविद्येंत हाच उपेक्षित पासंग मोठ्या मानानें नाकावर जाऊन बसतो, हें पाहून आम्हांस मौज वाटली आणि थोडें विचारांतहि पडावें लागलें.

आमचें आयुष्य इंग्रजी काव्य शिकविण्यांत गेलें. यंत्रांशीं आमचा संबंध सायकलीपलीकडे गेला नाहीं. पण आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांत अभियंता आहे, आणि त्यानें घराशेजारच्या गॅरेजांत स्वतःच्या हातांनीं एक विमान बांधलें आहे. ही हौस तिकडे नवी नव्हे. हौशी विमानकारांची मोठी संस्था 1953 सालीं त्याच राज्यांतील मिलवॉकी येथें स्थापन झाली. त्याच्या विमानांत दोन आसनें आहेत, एकामागें एक. पुढें तो स्वतः आणि मागें पाहुणा. सांगलीहून आलेल्या आपल्या मातोश्रींना त्या मागच्या आसनावर बसवून शेतांवरून फिरवून आणावें, एवढाच त्याचा मनोरथ होता.

मध्यंतरीं त्यानें विमानाचा धातूचा प्रॉपेलर काढून लांकडी बसविला होता. पहिल्याचें वजन 18 किलो, दुसऱ्याचें 7. लांकूड इंजिनाची थरथर शोषून घेतें, आणि वर 11 किलोंची बचत! आमच्यासारख्या काटकसरी माणसास याहून चांगला सौदा सुचला नसता. पण वजन कोठून गेलें, हा प्रश्न वजन किती गेलें याहून मोठा असतो. तें गेलें होतें थेट नाकावरून, आणि म्हणून सारें विमान शेपटीकडे जड झालें होतें.

यांतील गणित आपल्या रोमन तराजूचेंच आहे. टेकूपासून जितकें दूर, तितका लहान वजनाचा जोर मोठा. विमानाचा टेकू म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य. तो पुढेंमागें सरकण्यास मोकळीक किती, तर अशा विमानांत जेमतेम वीतभर. पुढची हद्द ओलांडली, तर उतरतांना नाक वर उचलत नाहीं. मागची हद्द ओलांडली, तर नाक आपण होऊन वर जाऊं पाहतें, वेग मंदावून पंखांचा आधार सुटतो, आणि मग दांडा कितीहि पुढें लोटला तरी नाक खालीं येईलच असा भरंवसा राहात नाहीं. जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल आपल्या उडत्या सांगाड्यास लोंबकळून अंगाच्या झोकांनीं तोल सांभाळीत असे. 9 ऑगस्ट 1896 रोजीं ती रीत अपुरी पडली; तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं वारला. राइट बंधूंनीं 1904 सालीं आपलें विमान वरखालीं हेलकावे खातें असें पाहून त्याच्या पुढच्या टोंकाला सुमारें 70 पौंड लोखंड बांधलें. आकाशांतला पासंग इतका जुना आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें तीन चाकांखालीं तीन काटे ठेवून विमान तोललें. पायलट, मातोश्री, सामान व इंधन धरून एकूण 740 किलो. नाक गुरुत्वमध्यापासून सुमारें 2 मीटर पुढें. तेव्हां 11 किलो गेल्यामुळें मध्य जवळजवळ 3 सेंटीमीटर मागें सरकला होता. शिवाय टाक्या मध्याच्या किंचित् पुढें असल्यानें इंधन जळेल तसा तो आणखी मागें जाणार. म्हणजे चढतांना सुरक्षित असलेलें विमान उतरतांना तसें राहीलच असें नाहीं.

उपाय दुहेरी निघाला. इंजिन आणि प्रॉपेलर यांच्यामध्यें 10 सेंटीमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा स्पेसर, आणि इंजिनाच्या तोंडाशीं 7 किलोंचें पोलादी कडें. हलका प्रॉपेलर 10 सेंटीमीटर पुढें नेल्यानें मध्य सरकतो अवघा एक मिलिमीटर; स्पेसरच्या स्वतःच्या 2 किलोंनीं सरकतो पांच; खरें काम कड्याचें. सारें मिळून अडीच सेंटीमीटरची भरपाई झाली. “मग स्पेसरच आणखी लांब कां नाहीं केलास?” असें आम्ही विचारलें. तो म्हणाला, “सर, प्रॉपेलर जितका दूर, तितका इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर वांकविणारा ताण अधिक. बनविणाऱ्यानें घातलेली मर्यादा मोडतां येत नाहीं.” कडें गोल कां, हें त्यानें न विचारतांच सांगितलें: फिरणारें वजन एका बाजूस जरा अधिक झालें, तर सारें विमान थरथरूं लागेल.

मातोश्रींना काट्यावर उभें राहण्याचा प्रसंग आला, तेव्हां त्या म्हणाल्या, “वजन सांगितलें ना मी तुला?” तो म्हणाला, “आई, विमानाला सांगोवांगी चालत नाहीं.” त्या कोट घालून, हातांत पिशवी घेऊन काट्यावर चढल्या. तितक्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या मागच्या आसनाला बांधून त्यानें परीक्षेचीं उड्डाणें एकट्यानें केलीं. टाक्या भरलेल्या असतांना, आणि पुष्कळशा रिकाम्या झाल्यावरहि. एका संध्याकाळीं पिशव्या उतरल्या आणि मातोश्री चढल्या. त्या परतल्या तेव्हां पदर सांवरीत एवढेंच म्हणाल्या, “शेतें फार नीटस आंखलेलीं आहेत हो.” त्यांच्या मुलाचा चेहरा मात्र परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या पोरासारखा दिसत होता.

हिशेब मांडला तर 11 किलो वांचविले आणि 9 परत घातले. कागदावर हा व्यापार हास्यास्पद आहे. पण हलकें होणें आणि तोल राखणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, आणि सध्यांच्या युगांत पहिल्याचें कौतुक फार आहे. घरांत कमावत नसलेली एखादी आत्या असते, कचेरींत एखादा जुना कारकून असतो; त्यांचा उपयोग काय, असें हिशेबी मंडळी विचारतात, आणि त्यांस दूर केल्यावर सारें कोठेंतरी कलूं लागतें. जड वस्तु प्रत्येक वेळीं मोलाची असतेच असें नाहीं. पुष्कळ ओझीं खरोखरच फेंकून देण्याजोगीं असतात. पण कोणतें कोणतें, हें अंदाजानें ठरवूं नये. आधीं आपलें घर नीट तोलून पाहावें, आणि मगच कोणाला उचलावयाचें तें ठरवावें.