सोटमुळाचं झाड

नॉरफकमधल्या आमच्या बागेची माती रेताड. पाणी घातलं की लगेच मुरतं, आणि उन्हाळ्यात नाजूक झाडं माना टाकतात. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या फुलझाडांच्या वाफ्यातला सगळ्यात उन्हाचा कोपरा मी म्हणूनच सी लॅव्हेंडरला दिला.

बागेत लावतात ते लिमोनियम प्लॅटिफायलम. बल्गेरियापासून दक्षिण रशियापर्यंतच्या कोरड्या माळांवरचं. कूळ चित्रकाचं, हे वाचलं आणि मला ते माहेरचं वाटायला लागलं. त्याचा इथला भाऊबंद नॉरफकच्याच किनाऱ्यावर, स्टिफकीच्या खाजणात वाढतो. मोठ्या भरतीला पाण्याखाली जाणारी ती चिखलट जमीन जुलै-ऑगस्टमध्ये जांभळी होऊन जाते. अंगात शिरलेलं मीठ ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. तिथल्या पानावर बोट फिरवून मी जिभेला लावलं, तर चक्क खारट!

बागेतल्या झाडाला मीठ लागत नाही, ऊन आणि निचरा मात्र हवाच. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे एकदा लावलेलं झाड हलवलेलं त्याला खपत नाही. पहिली दोन-तीन वर्षं ते मूळच धरत असतं. वर दिसतो तो जमिनीलगत रुंद, जाड पानांचा झुपका. शेजारच्या बाई म्हणाल्या, "थोडं खत घाल की." मी घातलं नाही. खतावलेले दांडे लोळतात. बुडख्याभोवती खडी पसरली, कारण इथल्या थंडीपेक्षा हिवाळ्यातली ओल त्याला जास्त बाधते.

मग एका उन्हाळ्यात तारेसारखे बारीक, फाटे फुटलेले दांडे वर आले आणि त्यांवर इवल्या निळसर जांभळ्या फुलांचं धुकं पसरलं. मागचं गवत त्यातून आरपार दिसतं. मधमाश्या दिवसभर तिथेच. इतकं हलकं, तरी अख्ख्या वाफ्याला सांधणारं दुसरं फूल माझ्या बागेत नाही.

पाकळ्या सुकल्या तरी प्रत्येक फुलाचा कागदी पेला टिकतो. बहुतेक फुलं उमलली की दांडे कापून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटे टांगायचे. गणपतीत मखराच्या दोन्ही बाजूंना मी त्यांचेच झुबके लावते.

मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीला आता रोप हवंय. खणून देणार नाही, बी देईन. कुंडीत पेर आणि मूळ लांबायच्या आत जागेवर लाव, असं तिला सांगितलंय.