मोर्णेपलीकडची गाडी

मोर्णेचा पूल ओलांडून मी अकोल्याच्या जुन्या शहरात शिरलो. असदगडाच्या बुरुजांवर कोवळे ऊन होते. जवळच्याच एका बोळात टिनाच्या छपराखाली ती उभी होती : विलीज पिकअप, 1962 ची. पाहताक्षणीच मन विरघळले! पण जुन्या गाडीचा सौदा मनाने करायचा नसतो. मी खिशातून लोहचुंबक काढला. दाराला तो घट्ट चिकटला, मडगार्डवरून मात्र घसरला. आत पत्रा कसला, नुसती पुट्टी!

मालक हसले. "सडलं होतं भाऊ, मीच भरलं थे. लपवून काय करू?"

मग मी गाडीखाली आडवा झालो. सरकीच्या पोत्यांनी हौदा झिजला होता, पण चासी शाबूत होती. ऑइलच्या काडीवर दुधाळ फेस नव्हता. म्हणजे इंजिनात पाणी गेलेले नव्हते. चासीचा नंबरही कागदांशी जुळला.

खरी अडचण पुढेच होती. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नाशी उलटलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायला 20,000 रुपये शुल्क, आणि एकदा तशी नोंदली की रोजच्या कामाला किंवा भाड्याला ती रस्त्यावर काढता येत नाही. मला तर शेतातला कापूस वाहायचा होता!

"मंग, इसार देता का?" मालकांनी विचारले.

दिला. कापूस टेम्पोनेच जाईल. घरी मात्र अजून सांगितलेले नाही.